कन्फाइनमेंट: या शब्दाला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

शब्दशोध

एका इंग्रजी शब्दावर जाणकारांचं मत हवंय. शब्द 'कन्फाइनमेंट'. कोशात पहिला अर्थ बंदिवास, कैद. इथवर ठीक. पण नाशिकमध्ये भाषांतराला जे कागद येतात, त्यांत हा शब्द चार वेगळ्या जागी बसलेला असतो. कोर्टाच्या कागदात 'राँगफुल कन्फाइनमेंट'. कामगार विम्याच्या फॉर्मवर 'डेट ऑफ कन्फाइनमेंट'. इमारतीच्या नकाशावर 'स्पेशल कन्फाइनिंग रीइन्फोर्समेंट'. सातपूर-अंबडला कारखान्यातल्या टाकीवर 'कन्फाइन्ड स्पेस'. मशीनला हे दिलं की चारही ठिकाणी 'कैद' छापून येते आणि बाळंतीण बिचारी गुन्हेगार ठरते.

प्रश्न दोन. शब्दाचं मूळ काय? आणि त्या-त्या कामातली माणसं मराठीत काय बोलतात? समितीत बसून घडवलेले शब्द नकोत, ते सापडतात.

---

गोदाकाठ

मुळाशी शीव आहे. लॅटिन 'फिनिस' म्हणजे हद्द, आणि म्हणून शेवटही. 'कॉन' म्हणजे सह. 'कॉन्फिनिस' म्हणजे ज्याची हद्द आपल्या हद्दीला भिडते तो. खरेदीखतात आपण चतुःसीमा लिहितो ना, पूर्वेस अमुक, दक्षिणेस तमुक? त्यातला प्रत्येक जण लॅटिनमध्ये आपला 'कॉन्फिनिस'.

फ्रेंचमध्ये यावरून 'कॉन्फिने' हे क्रियापद झालं. त्याचे दोन अर्थ शेजारी-शेजारी नांदले: हद्दीला लागून असणं, आणि हद्दीच्या आत ठेवणं. इंग्रजीने 1520च्या दशकात उचलला तो आधी पहिला. म्हणजे त्या वेळच्या इंग्रजीत एक देश दुसऱ्या देशाला 'कन्फाइन' करायचा, तो केवळ शेजारी असल्यामुळे. तो अर्थ पुढे मेला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'मर्यादेत ठेवणे' हा अर्थ वर आला, आणि 'कन्फाइनमेंट' हे नाम 1620च्या दशकात फ्रेंचमधून आलं. जुनी शीव आज फक्त 'कन्फाइन्स' या अनेकवचनात उरली आहे.

इंग्रजीत 'कन्फाइन युवरसेल्फ टू द पॉइंट' म्हणतात, तिथे कुणी तुरुंगात जात नाही. आपण म्हणतो, मुद्द्याला धरून बोला. 'कन्फाइन्ड टू बेड'ला आपण अंथरुणाला खिळला म्हणतो. तिकडे रेघ, इकडे खिळा. शब्दाला शब्द शोधत बसलात तर यातलं एकही मराठी वाक्य सुचणार नाही.

---

उगाच_विचारतो

म्हणजे 'कॉन' अधिक 'फाइन'? दंड भरला नाही म्हणून आत टाकला? 😀

---

गोदाकाठ

अर्थ चुकला, नातं मात्र बरोबर लागलं. दंड या अर्थाचा 'फाइन'ही फिनिसचाच वंशज आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'फिन' म्हणजे शेवट, आणि त्यावरून तंटा मिटवण्यासाठी दिलेली रक्कम. पैसे दिले, प्रकरण संपलं. 'फायनान्स' याच घरातला, देणं फेडून संपवणं. तेव्हा कलमाखाली 'कारावास किंवा दंड किंवा दोन्ही' असं येतं, तेव्हा कन्फाइन आणि फाइन हे चुलत भाऊ एका ओळीत बसलेले असतात. 'डिफाइन', 'फायनल', 'फिनिश' हीही तीच भावकी. 'अफिनिटी' तर मजेशीर आहे. लॅटिनमध्ये 'अफिनिस' म्हणजे शेजारचा, आणि लग्नाने जोडला गेलेलाही. बांधाला बांध तिथे सोयरीक!

---

काळा कोट

कायद्यापुरतं सांगतो. गोदाकाठ यांची शीव इथे अक्षरशः जिवंत आहे.

1860च्या दंड संहितेत दोन कलमं लागोपाठ होती, 339 आणि 340. 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहितेत ती 126 आणि 127 झाली. 126 म्हणजे राँगफुल रिस्ट्रेंट: माणसाला ज्या दिशेला जायचा हक्क आहे, त्या दिशेला जाऊ न देणं. 127 म्हणजे राँगफुल कन्फाइनमेंट: त्याला एका ठरावीक घेऱ्याच्या बाहेरच जाऊ न देणं. पहिल्यात एक वाट अडते, बाकीच्या मोकळ्या असतात. दुसऱ्यात चारही बाजू बंद.

कायद्याच्या मराठी पाठात यांना 'गैरनिरोध' आणि 'गैरपरिरोध' म्हटलंय. 'परि' म्हणजे सभोवार, त्यामुळे शब्द घडवणाऱ्याने डोकं वापरलंय हे मान्य करायला हवं. फक्त तो शब्द कोर्टाच्या आवाराबाहेर कुणी उच्चारत नाही. पोलिसांच्या फिर्यादीत 'डांबून ठेवले' असतं, पेपरातही तेच.

'डांबून'मध्ये एक अडचण आहे. त्यात खोली आणि कडी डोळ्यांपुढे येते, आणि कायद्याला कडी लागत नाही. मूळ कलमातच उदाहरण आहे: इमारतीच्या दारांशी बंदूकधारी माणसं उभी करून आतल्याला 'बाहेर पडलास तर गोळी घालतील' असं सांगणं. दार सताड उघडं, तरी गुन्हा पूर्ण. म्हणून शपथपत्राचं भाषांतर करताना 'खोलीत कोंडले' असं आपल्या पदरचं घालू नका. कडी लावली नव्हती हे उलटतपासणीत निघालं की साक्षीदार विनाकारण खोटा पडतो. 'बाहेर जाऊ दिले नाही' हे साधं वाक्य सगळ्यात सुरक्षित.

शिक्षा: 127 खाली साध्या प्रकाराला एक वर्षापर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तीन दिवस किंवा जास्त ठेवलं तर तीन वर्षांपर्यंत, दहा दिवस किंवा जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत. त्यामुळे भाषांतरात दिवसांचा आकडा आणि 'किंवा जास्त' हे शब्द गळता कामा नयेत.

---

शब्दशोध

आणि 'सॉलिटरी कन्फाइनमेंट'? पेपरात कधी 'एकांतवास', कधी 'अंधारकोठडी', कधी 'अंडासेल'.

---

काळा कोट

तिन्ही वेगळे आहेत. एकांतवास तर साधकही स्वखुशीने करतो. अंडासेल हे कडेकोट सुरक्षेच्या विभागाला त्याच्या आकारावरून पडलेलं नाव आहे. तिथला प्रत्येक जण एकांताची शिक्षा भोगत असतो असं नाही. अंधारकोठडी इंग्रजी 'डन्जन'साठी ठेवा.

सॉलिटरी कन्फाइनमेंट ही न्यायालयाने शिक्षेचा भाग म्हणून द्यायची गोष्ट आहे आणि तिला मापं आहेत. मूळ सक्तमजुरी सहा महिन्यांपर्यंत असेल तर जास्तीत जास्त एक महिना, एक वर्षापर्यंत असेल तर दोन महिने, त्याहून जास्त असेल तर तीन महिने. एका वेळी 14 दिवसांच्या वर नाही, आणि मध्ये निदान तितकीच मोकळीक. जुनी कलमं 73 आणि 74, नवी 11 आणि 12. तुरुंगाधिकाऱ्याने सुरक्षेसाठी एखाद्याला वेगळं ठेवलं तर ती ही शिक्षा होत नाही, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने 1978च्या सुनील बत्रा प्रकरणात स्पष्ट केला. मी 'एकांत कोठडीची शिक्षा' लिहितो. 'शिक्षा' हा शब्द गाळू नये.

---

मेनरोडवाला

एवढा कीस कशाला? 'कैद' सगळ्यांना कळतं. तुरुंग, जेल, कैद, बंदी, एकच माल.

---

गोदाकाठ

मेनरोडवाले काका, माल एक असेल, पण हे शब्द वेगवेगळ्या वस्तूंवरून आलेत, आणि ती वस्तू अर्थाला चिकटून राहते.

अरबी 'कैद'च्या मुळाशी बेडी आहे, पाय बांधणं. 'जेल' लॅटिन 'काव्हेआ'वरून, म्हणजे पिंजरा. इंग्रजी 'केज'ही त्याच शब्दावरून आलाय. 'तुरुंग' पोर्तुगीज 'त्रोंकु'वरून आल्याचं मानलं जातं (तुरंग म्हणजे घोडा, त्याच्याशी संबंध नाही, कुणीतरी विचारणारच). त्रोंकु म्हणजे झाडाचं खोड, आणि पाय अडकवायचं लाकूडही. आता मराठी बघा: खोड आणि खोडा! पोर्तुगीजांकडून शब्द घ्यायच्या आधीच हीच जोडी आपल्या घरात होती.

म्हणजे बेडी, पिंजरा, लाकूड. कन्फाइनमध्ये यातलं काहीच नाही, फक्त आखलेली रेघ आहे. भगूरच्या सावरकरांचंच घ्या. 6 जानेवारी 1924 ला येरवड्यातून सुटले, पण रत्नागिरी जिल्ह्याबाहेर परवानगीशिवाय जायचं नाही आणि राजकारण करायचं नाही या अटींवर. हे 1937 पर्यंत चाललं. घर, बाजार, देऊळ सगळं मोकळं, हद्द जिल्ह्याची. याला मराठीने 'कैद' म्हटलं नाही, 'स्थानबद्धता' म्हटलं. कन्फाइनच्या इतकं जवळ जाणारा दुसरा मराठी शब्द मला दिसत नाही. 'नजरकैद' त्याहून आवळ, ती घरापुरती.

इटलीत मुसोलिनीच्या काळात विरोधकांना पोंझा, लिपारीसारख्या बेटांवर नेऊन ठेवत. त्या शिक्षेचं नावच 'कॉन्फिनो'.

---

काळा कोट

याच्या बरोबर उलट आपल्याकडे तडीपारी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951, कलम 55 ते 57, मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. रेघ तीच, माणूस रेघेच्या बाहेर. 'तडीपार'ला इंग्रजीत 'एक्स्टर्न्ड' म्हणतात. नवशिके 'एक्साइल्ड' लिहितात, ते टाळा.

---

परिचारिका

रुग्णालयातल्या कागदांचं मी सांगते. 'ईडीसी' म्हणजे एक्स्पेक्टेड डेट ऑफ कन्फाइनमेंट. आता बहुतेक ठिकाणी 'ईडीडी' लिहितात, शेवटचा शब्द डिलिव्हरी. दोन्ही एकच. मराठीत 'प्रसूतीची अपेक्षित तारीख'. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस. तोंडी हिशेब: सात दिवस मिळवा, तीन महिने मागे जा. पाळी 10 जूनला आली असेल तर तारीख पुढच्या 17 मार्चची. पाळी दर 28 दिवसांनी येत नसेल तर हा हिशेब चुकतो, मग सुरुवातीच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख धरतात. कागदावर दोन तारखा दिसल्या तर भाषांतर करणाऱ्याने एक गाळू नये. दोन्ही लिहाव्यात आणि कुठली कशावरून काढली तेही.

अर्थाचं म्हणाल तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत 'बाळंतपण' म्हणायला संकोच वाटायचा, म्हणून 'घरातच असणं' म्हणत. आपल्याकडेही 'दिवस गेलेत', 'बाजेवर आहे' हे तसलंच आडपडद्याचं बोलणं.

मोठी चूक इथे होते. जुन्या इंग्रजीत कन्फाइनमेंट म्हणजे तो सगळा काळ, आपला सव्वा महिना धरा. कायद्यात मात्र ती एक घटना आहे. नोव्हेंबर 2025पर्यंत लागू असलेल्या 1948च्या कामगार राज्य विमा कायद्यातली व्याख्या अशी: जिवंत मूल जन्माला येणारी प्रसूती, किंवा गरोदरपणाच्या 26 आठवड्यांनंतर झालेली प्रसूती, मग मूल जिवंत असो वा मृत. म्हणून 'बाळंतपणाचा कालावधी' लिहिलं तर चूक, आणि 'बाळाच्या जन्माची तारीख' लिहिलं तर मृत मूल झालेल्या बाईचा अर्ज अडतो. 'प्रसूतीची तारीख' एवढंच लिहा.

---

शब्दशोध

ताई, हे सोन्यासारखं आहे. 'जन्माची तारीख' असं कैक नमुन्यांत दिसतं.

---

रिंगमास्टर

नकाशावरच्या कन्फाइनिंगला साइटवर कुणी परिरोध म्हणत नाही. फिटर म्हणतो, 'इथे रिंगा जवळ-जवळ'. रिंगा म्हणजे उभ्या सळयांना वेढणारी सळईची कडी. पण का, हे भाषांतरात यायला हवं.

काँक्रीटच्या कॉलमवर वरून भार आला की तो उभा दबतो आणि आडवा फुगू पाहतो. रिंगा त्याला कमरेला आवळून धरतात. भूकंपात बाहेरचं कव्हर, म्हणजे रिंगांवरचा काँक्रीटचा थर, फुटून गळलं तरी रिंगांच्या आतला गाभा उभा राहतो. हे आवळणं म्हणजे कन्फाइनमेंट. रिंगा विरळ असतील तर उभ्या सळया दोन रिंगांच्या मधून बाहेर वाकतात आणि गाभा भुसभुशीत होतो.

भूकंपाच्या भारतीय मानकाच्या, आयएस 1893च्या, 2016च्या आवृत्तीत नाशिक तिसऱ्या भूकंप क्षेत्रात आहे, त्यामुळे भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीटचं मानक, आयएस 13920, लागू. उदाहरण: कॉलम 300 बाय 450 मिमी, मोकळी उंची 3 मीटर, उभ्या सळया 16 मिमी. जवळच्या रिंगांचा पट्टा बीमच्या तोंडापासून किती? कॉलमची मोठी बाजू 450, उंचीचा सहावा भाग 500, आणि किमान 450. यातलं सर्वांत मोठं, म्हणजे 500 मिमी, वरही आणि खालीही. रिंगांतलं अंतर? लहान बाजूचा चौथा भाग 75, सळईच्या सहापट 96, आणि कमाल 100. यातलं सर्वांत लहान, म्हणजे 75 मिमी. मधल्या भागात 150 पर्यंत चालतं. रिंगच्या सळईचा व्यास पुरतो का, हा हिशेब वेगळा तपासायचा.

रिंगचं टोक 135 अंशात आत गाभ्यात वळवायचं आणि पुढे रिंगच्या सळईच्या व्यासाच्या दहापट लांबी सोडायची. 90 अंशात वळवलेली रिंग कव्हर गळताच उघडते, म्हणजे नसल्यात जमा. बीम आणि कॉलमच्या जोडातही रिंगा हव्यात. तिथे सळयांची गर्दी असते म्हणून त्या हमखास गाळल्या जातात, आणि नेमकं तिथेच फुटतं.

---

सळईचा_हिशेब

एक दुरुस्ती. दहापट हे 1993च्या आवृत्तीत होतं, किमान 75 मिमी. 2016च्या आवृत्तीत सहापट, पण किमान 65 मिमी. 8 मिमीच्या रिंगला सहापट 48 येतात, म्हणून 65 धरायचे.

---

रिंगमास्टर

बरोबर, जुनं डोक्यात बसलंय. 65 धरा. आणि शब्द: 'आवळपट्ट्यातील रिंगा'. फिटरला न विचारता कळेल.

---

उगाच_विचारतो

टाकीवरच्या 'कन्फाइन्ड स्पेस'चं एके ठिकाणी 'मर्यादित जागा' केलंय. वाचून वाटतं, त्वरा करा, बुकिंग सुरू आहे!

---

द्राक्षवेल

हसण्यावारी नेऊ नका, त्या पाटीवर माणसाचा जीव असतो. नोव्हेंबर 2025पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948चं कलम 36 याच जागांबद्दल होतं: टाकी, खड्डा, पाइप, धुराडं. आत जायला पुरेसं मोठं मॅनहोल किंवा बाहेर पडायची खात्रीची सोय नसेल, तर विषारी वायू-वाफा असू शकणाऱ्या अशा जागेत माणसाला उतरवायचंच नाही. 'बंदिस्त जागा' हेही पुरत नाही. वरून उघडा खड्डाही कन्फाइन्ड स्पेसच असतो, पण मजुराला तो बंद वाटत नाही, आणि तिथेच घात होतो.

नाशिकपुरतं बोलायचं तर वाइनरीची टाकी. लिटरमागे 200 ग्रॅम साखर असलेला रस पुरता आंबला की प्रत्येक लिटरमागे सुमारे 50 लिटर कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो हवेच्या दीडपट जड, त्यामुळे तळाशी बसतो. रेड वाइन काढून घेतल्यावर सालींचा चोथा ओढायला माणूस आत शिरतो तो याच तळाशी.

फसगत मीटरमध्ये आहे. नेहमीचा चार वायूंचा मीटर ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड मोजतो. कार्बन डायऑक्साइड त्यात नसतो. हवेत तो 5 टक्के झाला तरी ऑक्सिजन 20.9 वरून 19.9 च्या आसपासच उतरतो. मीटरचा गजर 19.5 ला, म्हणजे मीटर गप्प. आणि जिवाला तात्काळ धोका 4 टक्क्यांनाच धरलेला आहे. म्हणून कार्बन डायऑक्साइडचा वेगळा सेन्सर हवाच. मेणबत्ती उतरवून बघणं तर सोडाच. ती सुमारे 16 टक्के ऑक्सिजनपर्यंत जळत राहते.

क्रम असा: टाकीत येणाऱ्या लाइनचे व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावायचं, ब्लोअरने तळाची हवा बदलायची, वर-मध्ये-तळाशी अशा तीन पातळ्यांवर मोजायचं, मग परवाना लिहायचा. आत जाणाऱ्याला हार्नेस आणि दोर, वर तिपाई, तोंडाशी एक माणूस कायम. त्या माणसाने काहीही झालं तरी आत उडी मारायची नाही, दोर ओढायचा. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात, हे गटारांतही होतं, टाक्यांतही.

---

शब्दशोध

मग पाटीवर काय लिहावं?

---

द्राक्षवेल

माझं मत 'कोंदट जागा'.

---

मेनरोडवाला

कोंदट म्हणजे दमट वास येणारी खोली. जुन्या वाड्यातली माजघरं कोंदट असतात, तिथे कुणी मरत नाही. 'दम कोंडणारी जागा' म्हणा.

---

द्राक्षवेल

हे पटलं, काका. कोंडण्यात घेराही आला आणि श्वासही.

---

सिन्नर_शेळी

उशिरा आलो. शेतीत 'बंदिस्त' एकदम चालतं. कन्फाइनमेंट पद्धत म्हणजे 'बंदिस्त शेळीपालन', चरायला सोडायचं नाही, चारा गव्हाणीत. मोठ्या शेळीला 10 ते 12 चौरस फूट छपराखाली आणि त्याच्या दुप्पट मोकळं आवार. काही वेळ चरायला सोडलं तर 'अर्धबंदिस्त'. जागा कमी पडली की मूत साचून खुरं सडतात. इथे 'कैद' लिहिलं तर शेतकरी योजनेचा अर्ज परत करेल.

---

गोदाकाठ

फ्रेंचवरून भाषांतर करणाऱ्यांसाठी राहिलंच. 2020 पासून तिकडे 'कॉन्फिनमाँ' म्हणजे सरळ लॉकडाउन. मराठीत 'टाळेबंदी' हा शब्द कारखान्याच्या लॉकआउटसाठी आधीच राखलेला होता, तरी पेपरांनी तोच वापरला. 2020च्या कागदात 'टाळेबंदी' दिसली तर संप-बिंप नाही ना, हे आधी बघा.

---

शब्दशोध

पाटीचा मजकूर असा करतोय: 'दम कोंडणारी जागा. हवा मोजल्याशिवाय व लेखी परवान्याशिवाय आत उतरू नये. आतला माणूस पडल्यास मागोमाग उतरू नये, दोर ओढावा.' काही खटकतंय?

---

द्राक्षवेल

तिसरं वाक्य सगळ्यात वर घ्या, आणि मोठ्या अक्षरात. माणूस पडल्यावर पाटी कुणी खालपर्यंत वाचत नाही. आणि 'हवा' च्या जागी 'वायू' लिहा. हवा सायकलच्या पंपानेही मोजतात.